पावसाचा जुना हिशेब

सोलापूर सोडून पुण्याच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात चिंचोळी एमआयडीसी येते. तिथल्या एका टॉवेलच्या कारखान्यात आमचे अण्णा मागावर आहेत, आणि मागच्या दोन उन्हाळी सुट्ट्यांत मीही तिथे पॅकिंग खात्यात काम केले. जून उजाडला की जेवणाच्या सुट्टीत तिथली माणसे डबे घेऊन शेडबाहेर येतात आणि पश्चिमेकडे तोंड करून जेवतात. मागावरचा असो, रंगखात्यातला असो वा फाटकावरचा; प्रत्येकाची कुठेतरी दोन-चार एकर कोरडवाहू जमीन आहे. हात यंत्रावर आणि डोळे ढगावर, अशी ही आमची औद्योगिक वसाहत!

२०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेने सोलापूर भागात कृत्रिम पावसाचे प्रयोग केले. त्यासाठी विमाने आणली, रडार लावले. त्या प्रयोगाची पद्धत अशी होती की योग्य ढग निवडायचे, त्यांतल्या काहींवर फवारणी करायची आणि काही मुद्दाम तसेच सोडून द्यायचे, म्हणजे फरक कळतो. हे कानावर आले तेव्हा अण्णा चिडून म्हणाले होते, "पाऊस पाडाय आलेत का ढग मोजाय आलेत?" मी तेव्हा आठवीत होते आणि मला अण्णांचे म्हणणे शंभर टक्के पटले होते.

आज पटत नाही. मोजणाऱ्यांची बाजू कोणीतरी घ्यावी, म्हणून हा लेख. (त्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. फवारणी केलेल्या ढगांच्या वाऱ्याखालच्या शंभर चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात सुमारे १८ टक्के जास्त पाऊस आढळला. काही ढग तसेच सोडले नसते, तर हा आकडा कोणालाच सांगता आला नसता.)

मोजणाऱ्यांत माझ्या मते पहिले नाव डॉ. सुलोचना गाडगीळ यांचे. जुलै २०२५ मध्ये त्या गेल्या आणि आमच्या वाचनालयातील वर्तमानपत्रात ती बातमी वाचूनच मी त्यांच्याविषयी शोधू लागले, हे कबूल केले पाहिजे. १९४४ साली पुण्यात जन्म, फर्ग्युसन महाविद्यालयात शिक्षण, १९७० साली हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट. तिथे राहता आले असते. पण १९७१ मध्ये त्या परत आल्या. दोन वर्षे पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेत आणि १९७३ पासून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी मान्सून हाच विषय धरला, आणि तो आयुष्यभर सोडला नाही.

आपण सर्वांनी शाळेत पाठ केले आहे की उन्हाळ्यात जमीन तापते, समुद्र त्या मानाने थंड राहतो, म्हणून समुद्रावरचे वारे जमिनीकडे येतात व पाऊस पडतो. मी हे उत्तर लिहून पैकीच्या पैकी गुण मिळवले आहेत. गाडगीळबाईंनी विचारलेला प्रश्न एखाद्या शेतकऱ्यालाही सुचावा इतका साधा आहे. जमीन सर्वांत जास्त तापते मे महिन्यात, मग मुख्य पाऊस जुलैत का? आणि दुष्काळी वर्षात तर जमीन चांगल्या वर्षापेक्षा अधिक तापलेली असते. मग त्या वर्षी पाऊस जास्त का नाही? त्यांचे म्हणणे असे की विषुववृत्तालगत ढगांचा जो पट्टा असतो, तोच उन्हाळ्यात उत्तरेकडे सरकून आपल्यावर येतो. मान्सून म्हणजे तो पट्टा. डी. आर. सिक्का यांच्याबरोबर १९८० साली लिहिलेल्या निबंधात त्यांनी उपग्रहाच्या छायाचित्रांवरून दाखवले की हे ढगपट्टे समुद्रावरून पुन्हापुन्हा जमिनीकडे सरकत येतात. आपल्याकडे एक पाऊस होऊन तीन-तीन आठवडे उघडीप पडते, त्याचे मूळ या ये-जा करण्यात आहे.

संगणकावरची हवामान-प्रारूपे म्हणजे काय, हे मला आमच्या भूगोलाच्या सरांनी समजावले. पृथ्वीभोवतीच्या हवेचे चौकोनी कप्पे कल्पायचे, प्रत्येक कप्प्यातील वारा, उष्णता व बाष्प यांची गणिते मांडायची आणि काही मिनिटांच्या एकेका पावलाने काळ पुढे न्यायचा. गाडगीळबाई या गणितातल्याच. पण प्रारूपाला त्यांनी देव मानले नाही. जगभरातील तीसेक प्रारूपे घेऊन ती आपला मान्सून कितपत बरोबर दाखवतात, याची झडती त्यांनी १९९८ च्या एका निबंधात घेतली. बऱ्याच प्रारूपांना तो नीट जमत नव्हता! १९९७ साली प्रशांत महासागरातला एल निनो इतका जोरदार होता की सर्वांनी दुष्काळाचीच भीती घातली. पाऊस मात्र सरासरीइतका झाला. उलट २००२ साली एल निनो साधारण, अंदाज चांगल्या पावसाचा, आणि जुलैमध्ये देशात निम्माच पाऊस! २००४ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी दाखवले की या कोड्याची दुसरी किल्ली आपल्याच हिंदी महासागराच्या विषुववृत्तीय भागात आहे.

पण इथे मोठी अडचण येते. देशभराच्या पावसाची सलग नोंद १८७१ पासूनची, म्हणजे जेमतेम दीडशे वर्षांची. एवढ्या लहान आयुष्यावरून पावसाचा स्वभाव कसा ओळखायचा? आपल्या मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी ज्या दुष्काळात बादशहाची कोठारे लुटविली, तो परंपरेने पंधराव्या शतकाच्या मध्यावरचा. तो कोणत्या पर्जन्यमापकात सापडणार? पुण्याच्याच संस्थेतील डॉ. हेमंत बोरगावकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केरळातील जुन्या सागाची वाढीची वलये मोजून १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची मालिका २०१० मध्ये सिद्ध केली. कोरड्या वर्षी वलय अरुंद. दामाजीचा दुष्काळ मात्र थोडक्यात हुकला!

त्याहून मागे जायचे तर चिखल वाचावा लागतो. अमेरिकेतील जॉन कुट्झबाख यांनी १९८१ साली एक प्रारूप नऊ हजार वर्षे मागे नेऊन चालवले. तेव्हा पृथ्वीची कक्षा व कल असे होते की उत्तर गोलार्धाला उन्हाळ्यात सुमारे सात टक्के जास्त ऊन मिळत होते. प्रारूपाने उत्तर दिले की तेव्हा मान्सून जोरदार असणार, आणि जुन्या तलावांच्या खुणांनी तीच साक्ष दिली. इतिहास हा प्रारूपाचा परीक्षक ठरला. कला शाखेच्या माणसाला यात अभिमान वाटावा असे मला वाटते.

आपल्या भीमेच्या खोऱ्यातली साक्ष तर डेक्कन कॉलेजने काढली. भीमेला मिळणाऱ्या घोड नदीकाठी, शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ अशी वर्षे तिथे उत्खनन चालले. डॉ. म. के. ढवळीकरांनी त्यावरून मांडणी केली की इसवी सनापूर्वी हजारच्या सुमारास पाऊस कमी झाला; ऐसपैस चौकोनी घरे गेली, लहान गोल झोपड्या आल्या; शेती घटली, शिकार वाढली; आणि इ. स. पू. ७०० च्या सुमारास गाव उठले. वाचताना मला आजीच्या तोंडचा १९७२ चा दुष्काळ आठवला. तोच मिलो, तीच सुकडी, तीच खडी फोडणे.

मात्र इथेही मोजणाऱ्यांनी गप्प बसू दिले नाही. इनामगावच्या बालकांची हाडे तपासून ग्वेन रॉबिन्स शुग या विदुषीने २०११ च्या ग्रंथात हवामानाच्या या कारणावरच शंका घेतली. पुढे २०१४ मध्ये लोणार सरोवराच्या गाळाचा अकरा हजार वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला. त्यात दोन मोठे कोरडे कालखंड दिसतात. एक सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. इनामगावची पडझड या दोहोंतही बसत नाही. तर मग गाव उठले कशाने? जमीन थकली, की माणसे जास्त झाली? मला हा प्रश्न आजचा वाटतो, कारण आम्हीही प्रत्येक वाईट वर्षाचा दोष आभाळावर टाकून मोकळे होतो आणि त्याच कोरड्या रानात ऊस लावतो.

ही चैन नव्हे. गाडगीळ पती-पत्नींपैकी सुलोचनाबाईंनी सिद्धार्थ गाडगीळ यांच्यासह २००६ साली लिहिलेल्या लेखात दाखवले आहे की शेतीचा वाटा घटूनही तीव्र दुष्काळ देशाच्या उत्पन्नाचे दोन ते पाच टक्के नुकसान करतो. चिंचोळीत आम्हांला हे आकड्यांवाचून कळते. रान कोरडे गेले की बाजारात टॉवेल उठत नाही, आणि माग बंद पडला की अण्णा चार वाजताच घरी येतात.

या वर्षी माझे बी. ए. संपते. मला पुढे पुरातत्त्व शिकायचे आहे. "पुण्याला जाऊन हाडं मोजणार व्हय गं?" असे अण्णा विचारतात, त्यांना कारखान्याच्या हपिसातली टंकलेखनाची जागा दिसते, आणि घरची स्थिती पाहता ते चूक आहेत असे मला म्हणवत नाही. दिवाळीत मात्र एक गोष्ट घडली. माळ्यावर आबांची जुनी पंचांगे सापडली. पाऊस पडला त्या तिथीसमोर त्यांनी शिसपेन्सिलीने खुणा केल्या आहेत. मोठा असेल तर दोन. अण्णा रात्री ती चाळत बसले आणि स्वतःच वर्षवार लावून त्यांनी ती मला दिली. १९६१ ते १९८४ पर्यंतची आहेत, मधली पाच नाहीत. मी ती वहीत उतरवीत आहे. आपल्यापैकी कोणाच्या घरी अशी पंचांगे, विहिरीच्या पाण्याच्या नोंदी किंवा पेरणीच्या वह्या असतील, तर त्यांनी भूगोल विभागात आणून दाखवाव्यात. उतरवून झाल्यावर जशाच्या तशा परत केल्या जातील.