वाटाघाटींच्या मेजावर मनाचे डॉक्टर

१० ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन. नैराश्य, ताण, आत्महत्या यांविषयी त्या दिवशी बोलले जाते आणि बोललेच पाहिजे. पण दुखऱ्या मनांचा एक मुलूख अजून डॉक्टरांच्या वाटेवर फारसा आलेला नाही: वैरी समाजांमधल्या वाटाघाटी.

२० नोव्हेंबर १९७७ रोजी इजिप्तचे अध्यक्ष अन्वर सादात इस्रायलच्या संसदेत म्हणाले की, उभय देशांमधला सत्तर टक्के प्रश्न मनांतल्या भिंतीचा आहे. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने ते मनावर घेतले. इजिप्शियन, इस्रायली आणि पुढे पॅलेस्टिनी मंडळींना तिने कित्येक वर्षे एकत्र बसवले. सायप्रसमध्ये जन्मलेले डॉ. वामिक वोल्कान त्या कामात पडले आणि त्यातच आयुष्यभर राहिले.

सोव्हिएत संघ कोसळल्यावर त्यांचा गट एस्टोनियात गेला. एस्टोनियन, रशियातून आलेले प्रतिनिधी आणि एस्टोनियातच राहणारे रशियनभाषक समोरासमोर बसले. तिथे सहभागींच्याच बोलण्यातून एक चित्र निघाले: रशिया हत्ती, एस्टोनिया ससा. दोस्ती झाली तरी पायाखाली येण्याची धास्ती सशाला राहणारच. नागरिकत्वाच्या कलमांवर वाद घालताना ही धास्ती उघड बोलणे अवघड होते; हत्ती-सशाच्या आडून ती बोलता आली. अशा क्षणी तज्ज्ञाने करायचे ते काम दिसायला लहान आहे. समजूत घालायची नाही, निवाडा द्यायचा नाही, समोरच्याचे ऐकून होईपर्यंत खोलीतली अस्वस्थता सोसायची. हे शिकावे लागते.

न शिकता या क्षेत्रात शिरले की काय होते, तेही ठाऊक आहे. १९६४ मध्ये एका अमेरिकी मासिकाने अध्यक्षपदाचे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांच्याविषयी कौल मागितला, तेव्हा त्यांना कधी न तपासलेल्या हजाराहून अधिक मनोविकारतज्ज्ञांनी त्यांना मानसिकदृष्ट्या अपात्र ठरवले. असे निदान करू नये, हा नियम १९७३ मध्ये संघटनेला करावा लागला. नेत्याला वेडा ठरवणारा डॉक्टर वाटाघाटींच्या उपयोगाचा नाही. समोरच्याच्या दुःखाला कामकाजातला व्यत्यय समजणारा मुत्सद्दीही नाही.

दोन्ही विद्या एकाच माणसात आलेले उदाहरण उत्तर आयर्लंडमध्ये आहे. जॉन ऑल्डरडाइस पेशाने मनोविकारतज्ज्ञ. अलायन्स पक्षाचे नेते म्हणून तिथला संघर्ष मिटवण्यासाठीच्या १९९८ च्या गुड फ्रायडे कराराच्या वाटाघाटींत ते होते. पुढे वोल्कान यांच्या आंतरराष्ट्रीय संवाद उपक्रमातही ते आले. पण असा योग जुळून येण्याची वाट किती दिवस पाहायची?

आपल्या उपखंडात फाळणीची जखम, ती न पाहिलेल्या नातवंडांपर्यंत पोहोचली आहे. म्हणून मागणी आपल्याच दारात करायला हवी. परराष्ट्र सेवेतल्या नव्या अधिकाऱ्यांना काही आठवडे समूहोपचाराच्या बैठकांत, रुग्णांच्या संमतीने, नुसते ऐकायला बसवा. मनोविकारशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना इतिहास, करारांची भाषा आणि गोपनीयतेची शिस्त शिकवा. सुरुवात एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाने केली तरी चालेल. परराष्ट्र मंत्रालयाने त्याला दार उघडून द्यावे.