गड दूरचे, वारसा दाराशी

पॅरिस येथे भरलेल्या जागतिक वारसा समितीच्या अधिवेशनात ११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. रायगड, राजगड, शिवनेरीपासून तामिळनाडूतील जिंजीपर्यंतच्या या यादीचे महाराष्ट्राने उत्साहाने स्वागत केले. त्याआधी वर्षभर, जुलै २०२४ मध्ये, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे साताऱ्याच्या शासकीय संग्रहालयात दाखल झाली होती. शनिवारी रात्री पाठीवर पिशव्या टाकून गडांकडे निघणाऱ्या तरुणांत ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीकरांचा भरणा मोठा असतो. या ताज्या घटनांनी त्यांची पावले आणखी वेगाने तिकडे वळणे स्वाभाविकच आहे.

बारा किल्ल्यांच्या यादीत ठाणे जिल्ह्यातील एकही नाव नाही. ती निवड ठराविक निकषांवर झाली असल्याने त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. प्रश्न वेगळाच आहे. जो इतिहास पाहण्यासाठी आपण रात्रभर प्रवास करतो, त्याचे काही महत्त्वाचे अध्याय ज्या गावांत लिहिले गेले त्याच गावांत आपण राहतो. तेथे पाहायला जावे असे मात्र आपल्याला का वाटत नाही?

कल्याणचेच उदाहरण घ्यावे. ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि खाडीकाठी दुर्गाडी उभा राहिला. मराठा आरमाराची पहिली जहाजे याच खाडीत बांधली जाऊ लागली. त्या कामावर रुई लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज कारागीर आपल्या माणसांसह होता. हे आरमार उद्या आपल्यावरच उलटेल, या भीतीने वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी १६५९ मध्ये या कारागिरांना काम सोडून जाण्यास भाग पाडले. तरीही आरमार उभे राहिलेच. जागतिक यादीत मानाने गेलेले सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि खांदेरी हे सागरी किल्ले ज्या आरमाराची कथा सांगतात, तिचा प्रारंभ कल्याणच्या खाडीत आहे. परंतु कल्याणकरांना दुर्गाडी ठाऊक आहे तो नवरात्रातील यात्रेमुळे, पुलावरील वाहतूक कोंडीमुळे आणि १९७६ पासून चाललेल्या मालकीच्या दाव्यामुळे. हा दावा कल्याणच्या दिवाणी न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये फेटाळला. वाद आणि बंदोबस्ताच्या बातम्यांत आरमाराची गोष्ट मागेच पडली.

ठाण्याची कथा याहून विलक्षण आहे. खाडीकाठचा पोर्तुगीजांचा किल्ला १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांकडे आला आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी तो घेतला. पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे १८१६ मध्ये याच किल्ल्यातील कैदेतून निसटले. अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी येथेच फाशी देण्यात आली. हा किल्ला म्हणजे आजचे ठाणे मध्यवर्ती कारागृह. सर्वसामान्य नागरिकाला तेथे प्रवेश असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

याच किल्ल्यात १७८७ मध्ये बांधकामासाठी खोदाई करताना शिलाहार राजा अरिकेसरी याचा ताम्रपट मिळाला. तो शके ९३९ चा, म्हणजे इ.स. १०१७ चा. त्याचे वाचन ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्याच खंडात प्रसिद्ध झाले. भारतीय पुराभिलेखांच्या अभ्यासाच्या आरंभकाळातील हे एक प्रकरण ठाण्याच्या मातीतून निघाले आहे. प्रारंभी राष्ट्रकूट साम्राज्याचे मांडलिक असलेल्या शिलाहारांचे ‘श्रीस्थानक’ ते हेच. त्यांच्या वैभवाची साक्ष देणारे अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चे. कल्याणहून लोकलने तेथे जायला फार वेळ लागत नाही. महाशिवरात्रीला तेथे गर्दी लोटते. इतर दिवशी ही शिल्पे वालधुनी नदीच्या प्रदूषित पाण्याशेजारी एकाकी उभी असतात.

या उपेक्षेचे मूळ केवळ नागरिकांच्या अनास्थेत शोधणे अन्यायाचे ठरेल. अंबरनाथचे मंदिर पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, ठाण्याचा किल्ला कारागृह खात्याकडे आणि दुर्गाडीचा परिसर स्थानिक प्रशासनाकडे, अशी ही वाटणी आहे. प्रत्येक यंत्रणा आपापल्या वास्तूपुरते पाहते. या तिन्ही वास्तूंना जोडणारी खाडीची आणि व्यापाराची कथा सांगणे हे मात्र कोणाचेच काम नाही. नेमके हेच काम संग्रहालयाचे असते.

संग्रहालय म्हणजे काचेच्या कपाटांची रांग नव्हे. पुरावा कोणता, अनुमान कोणते आणि आख्यायिका कोणती, हे तेथे पाहणाऱ्याला समजले पाहिजे. अफजलखानावर वापरली गेली ती वाघनखे हीच काय, याची पडताळणी करता आलेली नाही, असे लंडनचे संग्रहालय स्वतःच नमूद करते. या प्रामाणिकपणाने वस्तूचे मोल घटत नाही, उलट पाहणाऱ्याचा विश्वास वाढतो. इतिहासावरून क्षणात भावना पेटणाऱ्या आपल्या शहरांना अशा शिस्तीची गरज अधिक आहे.

दुर्गाडीजवळ नौदलातून निवृत्त झालेली ‘टी-८०’ ही नौका ठेवून आरमाराचे संग्रहालय करण्याचा प्रकल्प ‘स्मार्ट सिटी’ योजनेत हाती घेण्यात आला, ही स्वागतार्ह बाब आहे. तेथे केवळ छायाचित्रांचे निमित्त न ठेवता सतराव्या शतकातील जहाजबांधणी समजावून सांगितली जावी. ठाण्याच्या कारागृहाच्या स्थलांतराची मागणी जुनी आहे. ते होईल तेव्हा होईल. अंदमानच्या सेल्युलर जेलचे १९७९ मध्ये राष्ट्रीय स्मारक झाले, हा दाखला समोर आहेच. तोवर किल्ल्याची प्रतिकृती, ताम्रपटाची प्रत आणि त्याचे मराठी भाषांतर महापालिकेच्या एखाद्या सभागृहात मांडण्यास कोणाची हरकत असणार? शाळांच्या सहलींना ठाणे, दुर्गाडी आणि अंबरनाथ असा एक दिवसाचा मार्ग आखून देणेही अवघड नाही.

डोंबिवलीत गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत दरवर्षी मावळ्यांच्या वेशातील मुले दिसतात. दिवाळीत इमारतींच्या अंगणात मातीचे किल्ले उठतात. ही आस्था खरी आहे. परंतु या मुलांना रायगडाची उंची ठाऊक असावी आणि स्वराज्याचे आरमार आपल्याच खाडीत उभे राहिले हे ठाऊक नसावे, ही विसंगती दूर करण्याची जबाबदारी शासनाची, महापालिकांची आणि पालकांचीही आहे. पोशाख उत्सवापुरता अंगावर राहतो. इतिहास अंगी मुरायचा तर तो जिथे घडला ती जागा डोळसपणे पाहावी लागते.