‘फारसे लेखन उपलब्ध नाही’

दरवर्षी समाजकार्य आणि स्त्री-अभ्यास या विषयांच्या विद्यार्थिनी संघटनांकडे, समुपदेशन केंद्रांकडे येतात. एम. ए.चा किंवा एम. एस. डब्ल्यू.चा लघुप्रबंध पुरा करायचा असतो. मुलाखती हव्या असतात, आकडे हवे असतात, वस्तीतल्या बायकांशी ओळख करून हवी असते. कार्यकर्त्या आपली कामे बाजूला ठेवून वेळ देतात. पुढे एखादी विद्यार्थिनी आठवणीने लघुप्रबंधाची प्रत आणून देते. तो उघडला की दुसऱ्या प्रकरणात एक वाक्य हमखास भेटते : ‘या विषयावर फारसे लेखन उपलब्ध नाही.’

हे वाक्य दिसायला निरुपद्रवी आहे. पण त्या एका ओळीने किती बायकांचे काम पुसले जाते, याचा विचार विद्यार्थिनींनी आणि संघटनांनीही करायला हवा.

दुसरे प्रकरण म्हणजे साहित्याचा आढावा. साहित्य म्हणजे इथे कथा-कविता नव्हेत, तर आपल्या विषयावर आजवर झालेले अभ्यास, अहवाल, लेख. बहुतेक जणी याकडे एक कंटाळवाणा उपचार म्हणून पाहतात. पंधरा-वीस लेख गोळा करायचे आणि ‘अमुक यांच्या मते’, ‘तमुक यांनी म्हटले आहे’ असे करत एकेकाचा सारांश एकाखाली एक लिहायचा. याला यादी म्हणता येईल, आढावा नव्हे. आढावा घेणे म्हणजे प्रत्येक अभ्यासाला प्रश्न विचारणे. कोणी विचारले? कोणाला विचारले? कोणत्या शब्दांत विचारले? कुठे एकवाक्यता आहे, कुठे वाद आहे आणि कोणाकडे कोणी गेलेच नाही?

घरातल्या मारहाणीचे उदाहरण घेऊ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १९९८-९९ साली स्त्रियांना मारहाणीबद्दल एक ढोबळ प्रश्न विचारला होता. २००५-०६च्या सर्वेक्षणात थप्पड मारणे, हात पिरगळणे, ढकलणे अशी एकेक कृती घेऊन स्वतंत्र प्रश्न विचारले गेले. ‘तुला नवरा मारतो का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणारी बाई ‘थप्पड मारली आहे का?’ या प्रश्नाला ‘हो, तेवढे चालायचेच’ म्हणते, हे केंद्रात बसणाऱ्या कोणत्याही कार्यकर्तीला ठाऊक आहे. म्हणून हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘हिंसा वाढली’ असे लिहिता येत नाही. हे ओळखून लिहिणे म्हणजे आढावा.

आता ‘उपलब्ध नाही’ या शब्दांकडे येऊ. ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक १८८२ साली प्रसिद्ध झाले. ते पुढे विस्मृतीत गेले आणि स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा प्रकाशित केले. मधली नव्वदहून अधिक वर्षे ते बहुतेकांच्या नजरेआड होते. त्या काळात स्त्रियांच्या वैचारिक लेखनाचा आढावा घेणाऱ्या कोणालाही ‘असे लेखन नाही’ असे प्रामाणिकपणे लिहिता आले असते, आणि ते साफ चूक ठरले असते. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवेने १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तोही होताच. लेखन नसणे, ते जपले न जाणे आणि आपण ते न शोधणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘उपलब्ध नाही’ म्हटले की तिन्ही एकत्र मिसळतात आणि जबाबदारी कोणावरच राहात नाही.

चळवळीचे ज्ञान बहुधा विद्यापीठीय नियतकालिकांत सापडत नाही. ते पत्रकांत, परिषदांच्या ठरावांत, सत्यशोधन समित्यांच्या अहवालांत, पथनाट्यांच्या संहितांत असते. मथुरा या आदिवासी मुलीवर १९७२ साली पोलीस ठाण्यात बलात्कार झाला. १९७८च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना निर्दोष सोडले. त्यावर उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदा-प्राध्यापकांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. १९८०च्या ८ मार्चला अनेक शहरांत स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला. हे खुले पत्र म्हणजे शोधनिबंध नव्हे, पण ते वगळून त्या कायद्याचा इतिहास लिहिता येईल का? स्त्री मुक्ती संघटनेचे ‘मुलगी झाली हो’ हे १९८३चे नाटक वगळून मुलीच्या नकोसेपणावर मराठीत काय बोलले गेले, हे सांगता येईल का? उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांच्या मुलाखती घेऊन १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक सिद्ध केले. इंग्रजी अनुवाद यायला २००८ साल उजाडले. मधली एकोणीस वर्षे केवळ इंग्रजी वाचणाऱ्या अभ्यासकांसाठी हा इतिहास जणू नव्हताच.

विद्यार्थिनींची अडचण आम्हाला कळते. मार्गदर्शक म्हणतात, संदर्भ गेल्या दहा वर्षांतले हवेत, इंग्रजी हवेत, मान्यताप्राप्त नियतकालिकांतले हवेत. संगणकावर शोधायचे तर इंग्रजी शब्दांनीच शोधले जाते. आता तर यंत्रालाच आढावा लिहायला सांगण्याची सोय झाली आहे. ते क्षणात लिहून देते, पण कधी कधी अस्तित्वात नसलेल्या लेखांचे संदर्भही तितक्याच आत्मविश्वासाने देते. जे लेखन कधी टंकलिखित कागदापलीकडे गेलेच नाही, ते त्याला कुठून सापडणार?

दोष एकाच बाजूचा नाही. संघटनांच्या पत्रकांवर तारीख नसते, गावाचे नाव नसते, ‘आपल्या विनम्र’ एवढेच असते. अहवालात ‘असंख्य महिला’ असतात, मोजलेल्या नसतात. जुने अंक वाळवीच्या तोंडी जातात, नाहीतर कार्यालय बदलताना रद्दीत. ज्या कागदावर साल नाही, त्याचा संदर्भ विद्यार्थिनीने द्यायचा कसा? आणि लेखन चळवळीचे आहे एवढ्यावरून ते खरे ठरत नाही. सरकारी आकड्याला विचारायचे तेच प्रश्न आपल्या अहवालालाही विचारले पाहिजेत. आपल्याही कथनातून दलित, आदिवासी, मुस्लिम, भटक्या-विमुक्त स्त्रिया कितीदा गळल्या, हे तसे विचारल्याशिवाय दिसणार नाही.

म्हणून दोन्हीकडे आग्रहाची विनंती आहे. विद्यार्थिनींनी ‘उपलब्ध नाही’ असे लिहिण्याआधी आपण कुठे, कोणत्या भाषेत, कोणते शब्द वापरून शोधले, ते नोंदवावे. ‘मला इथे सापडले नाही’ हे अधिक खरे वाक्य आहे. निदान दोन संघटनांची कपाटे उघडून पाहावीत. त्या कागदांतल्या कोणा बाईची ओळख उघडी पडणार नाही, याची काळजी घ्यावी. आणि दुसऱ्या प्रकरणाचा मराठी सारांश, चार पानांचा का होईना, परत आणून द्यावा. ज्यांच्या अनुभवावर पदवी मिळते, त्यांना त्या विषयावर इतर कोणी काय म्हटले आहे, हे कळण्याचा हक्क आहे.

संघटनांनी प्रत्येक कागदावर तारीख, ठिकाण आणि संघटनेचे नाव घालायची सवय लावावी. एक प्रत वेगळी काढून ठेवावी, जुन्या अंकांची साधी सूची करावी. मात्र समुपदेशनाच्या नोंदी या कपाटात येता कामा नयेत. त्या बाईने विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी आहेत, अभ्यासाचे साहित्य नव्हे. हे काम मोर्चाइतके उत्साहाचे नाही, फार कोणी टाळ्याही वाजवणार नाही. पण ते केले नाही, तर तीस वर्षांनी आजच्या लढ्यांवर लिहिणारी एखादी मुलगी तेच वाक्य लिहील, आणि तिला दोष देता येणार नाही.