रहीमसाहेब हे आमचे प्रमाणपत्र नव्हेत

भारत-पाकिस्तान सामना ठरला की आमच्याकडे पाहणाऱ्यांच्या नजरा बदलतात. ऑफिसात, एस.टी.त, चहाच्या टपरीवर कुणीतरी हसत हसत विचारतो, 'काय मियाँभाई, आज कुणाकडून?' हा प्रश्न गमतीचा नाही हे विचारणाऱ्याला ठाऊक असते आणि आम्हालाही. मग आम्ही काय करतो? आम्ही यादी काढतो. परमवीरचक्र मिळवणारे अब्दुल हमीद, शहनाईवाले बिस्मिल्ला खान, राष्ट्रपती अब्दुल कलाम. 2024 साली 'मैदान' हा हिंदी चित्रपट आला आणि यादीत आणखी एक नाव वाढले: भारतीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. आता त्यांचेही नाव भाषणात येते, व्हॉट्सअॅपवर फिरते, 'बघा, आम्हीसुद्धा' असे म्हणून पुढे केले जाते.

आमचे भांडण या 'आम्हीसुद्धा'शी आहे.

माणूस यादीत गेला की त्याचे काम पुसले जाते आणि फक्त नाव उरते. रहीमसाहेबांचे नाव घेणाऱ्या आमच्यातल्या किती जणांना त्यांनी नेमके काय केले ते सांगता येईल? सुवर्णपदक जिंकून दिले, इतके सांगून आम्ही थांबतो. प्रमाणपत्राला तेवढे पुरते. पण रहीमसाहेब प्रमाणपत्र नव्हते. ते मास्तर होते.

1909 साली हैदराबादेत जन्मलेला हा माणूस पेशाने शाळामास्तर. काचीगुडा, चादरघाट इथल्या शाळांत त्यांनी शिकवले, पुढे शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली. 1943 पासून मरेपर्यंत ते हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिव होते. म्हणजे स्पर्धा भरवणे, मैदान मिळवणे, पोरांना गोळा करणे, ही सगळी बिनचकाकीची कामे वीस वर्षे त्यांनी केली. आपल्याकडचा खेळाडू चेंडू पायात घोळवत एकट्याने पुढे जाण्यात धन्यता मानी. रहीमसाहेबांनी त्यावर उपाय काढला: चेंडू घोळवायचाच नाही, मिळाला की सहकाऱ्याला द्यायचा, अशा नियमाच्या स्पर्धा ते भरवीत. कमजोर पाय तयार व्हावा म्हणून फक्त त्याच पायाने खेळण्याच्या स्पर्धाही भरवीत. ही मास्तरची बुद्धी आहे. ढ विद्यार्थ्यावर न ओरडता त्याच्यासाठी वेगळा धडा तयार करणाऱ्या मास्तरची.

आणि काळ कोणता? सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस अॅक्शन झाली, हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले. रझाकारांच्या पापाची किंमत ज्यांनी रझाकारी कधी केली नव्हती त्यांनीही मोजली. उस्मानाबाद, नांदेड या आमच्या जिल्ह्यांत त्या दिवसांत काय घडले ते पंडित सुंदरलाल समितीने लिहून ठेवले, आणि तो अहवाल कित्येक दशके कपाटात पडून राहिला. आमच्या मराठवाड्यातल्या घरांतून ती आठवण आजही दबक्या आवाजातच सांगतात. ज्यांना शक्य होते त्यांतले कितीतरी शिकलेले लोक पाकिस्तानात गेले. रहीमसाहेब गेले नाहीत.

यादीवाले इथेच थांबतात. 'गेले नाहीत' हेच त्यांना मोठे वाटते. आम्ही म्हणतो, आपल्या घरात राहणे ही बहादुरी कशी? राहून काय केले ते बोला. पोलीस अॅक्शनला दोन वर्षे होतात न होतात तोच, 1950 साली, त्यांनी हैदराबाद सिटी पोलीस संघाची सूत्रे घेतली. त्या संघाने मुंबईच्या कूपरेज मैदानावर रोव्हर्स कप जिंकला, आणि 1954 पर्यंत ओळीने पाच वर्षे तो दुसऱ्या कुणाला मिळू दिला नाही. 1951 साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत त्यांच्या हाताखालच्या भारतीय संघाने इराणला 1-0 हरवून सुवर्णपदक घेतले.

पुढच्याच वर्षी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने याच भारताला 10-1 असे झोडपले. आपले बरेच खेळाडू अनवाणी होते. ही हार यादीत सांगत नाहीत, कारण प्रमाणपत्रात हार बसत नाही. मास्तरच्या आयुष्यात मात्र ती बसते. किंबहुना मास्तरचे काम तिथूनच सुरू होते. हेलसिंकीनंतर बूट सक्तीचे झाले. चार वर्षांनी मेलबर्नला, 1 डिसेंबर 1956 रोजी, भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला 4-2 असे हरवले. मुंबईत खेळणाऱ्या, मूळच्या गोवेकर नेव्हिल डिसोझाने तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. भारत चौथा आला. त्या संघात तुलसीदास बलराम होता, नूर मोहम्मद, अझीझुद्दीन, अहमद हुसेन, झुल्फिकारुद्दीन होते. ही सगळी हैदराबादची पोरे. बरोबर एक महिना आधी, 1 नोव्हेंबरला, हैदराबाद राज्य नकाशावरून नाहीसे झाले होते आणि आमचा मराठवाडा मुंबई राज्यात आला होता. राज्य गेले, पण त्या शहरात एका मास्तरने उभी केलेली शाळा देशाच्या कामी आली.

शेवटचा धडा जकार्ताचा, 1962 चा. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला 2-0 हरवले. डिफेंडर जर्नेलसिंगच्या डोक्याला टाके पडले. यजमानांनी इस्राएल आणि तैवानला वगळले यावर भारतीय अधिकारी सोंधी यांनी आक्षेप घेतल्यामुळे शहरच भारताच्या विरोधात गेले होते. अंतिम सामन्याला लाखभर प्रेक्षक, आणि जवळजवळ सगळे विरोधात. रहीमसाहेबांनी जखमी जर्नेलसिंगला मागे ठेवण्याऐवजी सेंटर फॉरवर्डला खेळवले. 4 सप्टेंबरला भारताने त्याच दक्षिण कोरियाला 2-1 हरवले. पहिला गोल प्रदीपकुमार बॅनर्जींचा, दुसरा जर्नेलसिंगचा. त्या गर्दीत भारताच्या बाजूने ओरडणारे जे मूठभर होते त्यांत पाकिस्तानचे हॉकीपटू होते, असे त्या संघातले खेळाडू सांगत आले. आता त्या हॉकीपटूंची निष्ठा कुठल्या टपरीवर तपासायची?

नऊ महिन्यांनी, 11 जून 1963 रोजी, कर्करोगाने रहीमसाहेब गेले. त्यानंतर आशियाई स्पर्धेत भारताला फुटबॉलचे एकच पदक मिळाले, 1970 चे कांस्य. 1960 नंतर भारतीय फुटबॉल संघ ऑलिंपिकला पोचलेला नाही.

देशाने त्यांना काय दिले? पद्म पुरस्कार नाही. प्रशिक्षकांसाठी द्रोणाचार्य पुरस्कार 1985 साली सुरू झाला, तेव्हा त्यांना जाऊन बावीस वर्षे झाली होती. हे मुसलमान असल्यामुळे झाले, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आम्ही तसे म्हणणार नाही. क्रिकेटच्या नादात देशाने फुटबॉलच विसरले. बलरामही 2023 साली पद्मविना गेला. पण मग उलट बाजूनेही प्रामाणिक राहा. ज्यांना रहीम आठवला नाही त्यांनी आम्हाला इतिहास विचारू नये.

आणि आम्हाला तरी तो कुठे आठवला? चित्रपट येईपर्यंत आम्ही साठ वर्षे काय करत होतो? हैदराबाद म्हटले की आम्हाला निजामाचे हिरे आठवतात, नवाबांच्या हवेल्या आठवतात, बिर्याणी आठवते. शाळामास्तर आठवत नाही. गेलेल्या सत्तेचे उसासे टाकणारे आमच्यात पुष्कळ, शाळेचे मैदान मागायला नगरपालिकेत खेटे घालणारे किती? आमच्या वस्त्यांतल्या कितीतरी शाळांना मैदानच नाही. जिथे आहे तिथे पी.टी.चा तास गणिताला दिला जातो आणि पी.टी.चे सर जनगणनेला जुंपले जातात. मुलगी बारा वर्षांची झाली की मैदानाचे दार तिला बंद, आणि ते बंद करणारे बाहेरचे कुणी नसतात, आम्हीच असतो. जलशाला वर्गणी निघते. फुटबॉलला निघत नाही.

कुणी म्हणेल, दिवस वाईट आहेत, ही नावे ढाल म्हणून उपयोगी पडतात, ती का टाकता? आम्ही विचारतो, कधी उपयोगी पडली? यादी लांबत गेली, पण टपरीवरचा प्रश्न थांबला का? ज्याला विचारायचेच आहे त्याचे समाधान दहाव्या नावानेही होत नाही. उलट यादी काढताक्षणी आम्ही कबूल करतो की प्रश्न रास्त आहे, आम्ही आरोपी आहोत आणि रहीमसाहेब आमचे साक्षीदार. त्या माणसाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा अधिकार आम्हाला कुणी दिला?

तेव्हा इतकेच करू. पुढच्या वेळी कुणी 'आज कुणाकडून?' विचारले तर यादी काढायची नाही. उत्तर द्यायचे नाही. आणि रहीमसाहेबांची आठवण काढायचीच असेल तर ती 15 ऑगस्टच्या भाषणात न काढता शाळेच्या कमिटीच्या बैठकीत काढू. तिथे विचारू की पी.टी.चे सर कुठे आहेत, मैदान कुणी अडवले आहे, मुलींचा संघ का नाही. ते प्रश्न आमचे आहेत, आणि त्यांची उत्तरे आम्हालाच द्यायची आहेत.