शिळ्या कढीला ऊत?

सिनेमाचा ‘भाग दुसरा’ म्हटलं की आपल्या मनात आधी शिळी कढीच येते. पहिला भाग चालला, गल्ला भरला, आता त्याच कढीत पाणी घालून पुन्हा ऊत आणायचा! त्यातून तो मारामारीचा सिनेमा असेल तर विचारूच नका. पहिल्या भागात नायकानं पाच जणांना लोळवलं, तर दुसऱ्यात पंधरा जणांना लोळवायचं. मुलं टीव्हीपुढे बसतात आणि आपण तेवढ्यात भाजी निवडून घेतो.

आज ज्या दुसऱ्या भागाबद्दल लिहिते आहे, तो मात्र भाजीची परात बाहेर आणून पाहावा असा आहे. ‘द कराटे किड, भाग दोन’. १९८६ सालचा अमेरिकन सिनेमा. इतका जुना सिनेमा आताच कशाला काढला, असं तुम्ही म्हणाल. कारण मुलांनीच तो पुन्हा घरात आणला आहे. आधी ‘कोब्रा काय’ ही मालिका आली, मग २०२५ साली ‘कराटे किड: लेजंड्स’ आला, आणि त्याची सुरुवातच या जुन्या दुसऱ्या भागातल्या एका प्रसंगानं होते. मी ज्या शाळेत अर्धवेळ शिकवते, तिथल्या आठवीच्या वर्गात मधल्या सुट्टीत यावरून चांगलीच जुंपली होती. कराटेच्या क्लासला जाणाऱ्या मुलांचं म्हणणं, “बाई, पहिलाच भारी. दुसऱ्यात नुसता चहा करतात आणि रडतात.”

गंमत अशी, की ही तक्रार तेव्हाही होतीच. १९८४च्या पहिल्या भागाचं समीक्षकांनी जेवढं कौतुक केलं, तेवढं दुसऱ्याच्या वाट्याला आलं नाही. गोष्ट रेंगाळते, स्पर्धेचा थरार नाही, असं बरंच लिहिलं गेलं. पण प्रेक्षकांनी काय केलं? त्यांनी थिएटरं भरली. पहिल्या भागानं अमेरिकेत साधारण ९ कोटी डॉलर मिळवले होते, दुसऱ्यानं साडेअकरा कोटी. त्या वर्षी तिथे सर्वांत जास्त चाललेल्या सिनेमांत याचा नंबर चौथा लागला. आता, पहिला आवडला म्हणून दुसऱ्याला गर्दी झाली, असं कोणी म्हणेल. तेही काही अंशी खरंच. पण मग तिसऱ्या भागालाही तशीच गर्दी व्हायला हवी होती. ती झाली नाही. त्याकडे येतेच.

पहिला भाग ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डॅनियल हा बापाविना वाढलेला मुलगा आईबरोबर नव्या गावी येतो, तिथली दांडगट मुलं त्याला बडवतात. इमारतीची देखभाल करणारे मियागी नावाचे जपानी आजोबा त्याला कराटे शिकवतात. कसं, तर मोटारी पुसायला लावून, कुंपण रंगवायला लावून. (आपल्या मुलांना नुसतं ताट उचलायला सांगून पाहा!) शेवटी स्पर्धा, आणि डॅनियलची जीत.

दुसऱ्या भागात दिग्दर्शक ॲव्हिल्डसन आणि लेखक रॉबर्ट मार्क कामेन यांना पुन्हा एक स्पर्धा ठेवता आली असती. त्यांनी तसं केलं नाही. त्यांनी गोष्टच मुलाच्या हातातून काढून म्हाताऱ्याच्या हातात दिली. वडील अत्यवस्थ आहेत, असं पत्र मियागींना येतं आणि ते आपल्या गावी, ओकिनावाला निघतात. डॅनियल शिक्षणासाठी साठवलेले पैसे मोडून तिकीट काढतो आणि त्यांच्याबरोबर जातो.

ओकिनावा हे बेट कराटेचं माहेर. मियागी हे नावसुद्धा तिथल्याच चोजुन मियागी या खऱ्या कराटेगुरूंवरून घेतलेलं आहे. पण हे बेट दुसऱ्याही एका कारणासाठी लक्षात ठेवायला हवं. १९४५ साली इथे भयंकर लढाई झाली, घरातली साधी माणसं हजारोंनी मेली, आणि १९७२पर्यंत बेटावर अमेरिकेचा अंमल राहिला. सिनेमा त्यातलं फारसं बोलत नाही. त्यातलं गाव अगदी चित्रातल्यासारखं आहे, आणि चित्रण तर ओकिनावात झालंच नाही, हवाई बेटांवर झालं. ही उणीव मला जाणवली, ती सांगून टाकते.

आता मुख्य गोष्ट. तरुणपणी मियागींचं युकिये नावाच्या मुलीवर प्रेम होतं, पण तिचं लग्न घरच्यांनी ठरवलं होतं मियागींच्याच जिवलग मित्राशी, सातोशी. मियागींनी भर गावात सांगितलं की मी हिच्याशी लग्न करणार. मित्राचा अपमान झाला, त्यानं जिवावरच्या लढतीचं आव्हान दिलं. मित्रावर हात उचलायचा नाही म्हणून मियागी रातोरात गाव सोडून गेले. पंचेचाळीस वर्षांनी परत येतात, तर सातो श्रीमंत झालेला आहे, गावाची जमीन त्याची आहे, आणि राग मात्र तसाच आहे, जणू लोणच्यासारखा मुरलेला. आधी लढ, मग बापाला भेट, असली भाषा.

वडील जातात. जाताना ते मुलाचा आणि सातोचा हात एकमेकांच्या हातात देतात, कारण सातो त्यांचाच शिष्य. सातो तेवढ्यापुरता नमतो; दुखवट्याचे तीन दिवस देतो, आणि पुन्हा आहे तिथेच.

यानंतरचा प्रसंग पाहताना माझ्या शेजारी बसलेल्या सासूबाईंनी चष्मा काढून ठेवला. मियागी समुद्राकाठी एकटे बसलेत. डॅनियल जवळ जाऊन बसतो आणि स्वतःचे वडील गेले तेव्हाचं सांगतो. आपण त्यांच्यासाठी काहीच केलं नाही, असं त्याला किती दिवस वाटत होतं. मग कळलं, की शेवटच्या घडीला आपण त्यांचा हात धरून जवळ होतो, निरोप घेता आला, हेच मोठं. पहिल्या भागात शिकवणारा म्हातारा आणि शिकणारा मुलगा. इथे मुलगा बोलतो आणि म्हातारा डोळे पुसतो. कराटेच्या सिनेमात एक पुरुष दुसऱ्या पुरुषासमोर असा मोकळेपणानं रडतो, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. वर्गातल्या मुलांना जे ‘नुसतं रडणं’ वाटलं ते हेच. ती मोठी होतील तेव्हा पुन्हा पाहतील.

मियागींचं काम केलं पॅट मोरिता यांनी. हा मूळचा विनोदी नट. लहानपणी मणक्याच्या क्षयानं वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेला, आणि अकराव्या वर्षी रुग्णालयातून सुटला तो थेट छावणीत गेला, कारण युद्धकाळात अमेरिकेनं आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना काटेरी तारांच्या छावण्यांत डांबलं होतं. पहिल्या भागासाठी त्यांना ऑस्करचं नामांकन मिळालं होतं. माझ्या मते काम दुसऱ्या भागातलं जास्त मोठं आहे.

सातोचं पुढे काय होतं? वादळ येतं, तो कोसळलेल्या घराखाली अडकतो. मियागी धावत येतात तेव्हा त्याला वाटतं, हा आता आपल्याला मारणार. मियागी हातानं तुळई तोडून त्याला बाहेर काढतात. दुसऱ्या दिवशी तोच सातो माणसं आणि यंत्रं घेऊन गाव पुन्हा उभारायला येतो आणि क्षमा मागतो. पंचेचाळीस वर्षांचं वैर, आणि हातघाईची लढत होतच नाही! मारामारी पाहायला आलेल्या प्रेक्षकाची ही केवढी फसवणूक. आणि तरी लोक खूष होऊन घरी गेले. शेवटी डॅनियल आणि सातोचा पुतण्या चोझेन यांची लढत आहे म्हणा. त्यात जत्रेतल्या डमरूसारखं एक दांडीचं वाद्य गावकरी वाजवतात आणि त्याच्या डाव्या-उजव्या झोक्यावरून डॅनियलला डाव सुचतो.

आता युकियेबद्दल. आठवीतल्या एका मुलीनं मला विचारलं, “बाई, ती का थांबली?” प्रश्न अगदी वर्मावरचा आहे. मियागी अमेरिकेत गेले, तिथे त्यांनी लग्न केलं. (ती पत्नी आणि तिचं बाळ छावणीत बाळंतपणात गेले, हे पहिल्या भागात कळतं.) इकडे युकिये पंचेचाळीस वर्षं अविवाहित. ती परतलेल्या माणसाला एका शब्दानंही जाब विचारत नाही. तिला चार वाक्यं जास्त दिली असती तर काय बिघडलं असतं? बाईनं वाट पाहिली की सिनेमावाल्यांना ते सुंदर दिसतं. तिनं ती वर्षं कशी काढली, कोण काय बोललं, हे मात्र कोणी दाखवत नाही. मियागींच्या पूर्वजाची कथाही अशीच. १६२५ साली तो कोळी नावेत झोपला, वाहत चीनला पोचला आणि दहा वर्षांनी कराटेचं गुपित, चिनी बायको आणि दोन मुलं घेऊन परत आला. गुपिताचा मान आजतागायत आहे, त्या बायकोचं नाव मात्र कोणी घेत नाही.

त्या मानानं युकियेची भाची कुमिको नशीबवान. तिला नर्तकी व्हायचं आहे आणि ती ते स्पष्ट बोलते. हे काम टॅमलिन टोमिता या वीस वर्षांच्या मुलीनं केलं, तिचा पहिलाच सिनेमा, आणि जन्मानं ती खरोखर ओकिनावाची. ती डॅनियलला चहा करून देते त्या प्रसंगात कोणी फारसं बोलत नाही, पण प्रेक्षक तो विसरले नाहीत. पहिल्या भागातली ॲली मात्र दोन वाक्यांत निकालात निघाली, दुसऱ्याच मुलाबरोबर गेली म्हणे. पहिला भाग आवडलेल्यांना ते अजून खुपतं.

तिसरा भाग १९८९मध्ये आला. तीच स्पर्धा, तोच जुना खलनायक, कुमिकोचा पत्ता नाही, आणि किशोरवयीन डॅनियल झालेले राल्फ माचिओ तोवर सत्तावीस वर्षांचे. ही मात्र खरीखुरी शिळी कढी. अमेरिकेत जेमतेम चार कोटी डॉलर मिळाले. तेच दिग्दर्शक, तेच लेखक, तेच नट; प्रेक्षकांना फरक कळला.

आणि दुसऱ्याचं ऋण फिटलं ते २०२१च्या १ जानेवारीला, ‘कोब्रा काय’च्या तिसऱ्या पर्वात. प्रौढ डॅनियल ओकिनावाला जातो. चोझेन भेटतो, पश्चात्ताप झालेला. कुमिको भेटते. मोरिता २००५ साली वारले, त्यामुळे मियागी आता नाहीत. पण त्यांनी युकियेला लिहिलेली पत्रं कुमिकोनं जपली आहेत, त्यातलं एक ती डॅनियलला वाचून दाखवते. म्हणजे ती दोघं एकमेकांना विसरली नव्हती तर! युकियेची उलट पत्रं काय होती, ते मात्र अजून कोणी ऐकवलेलं नाही.

सुट्टीत मुलांबरोबर पाहणार असाल तर पहिला भाग आधी दाखवा, नाहीतर मियागींच्या दुःखाचा संदर्भ लागणार नाही. दुसरा पावणेदोन तासांहून थोडा मोठा आहे. शेवटी चोझेन सुरी काढतो, तेव्हा अगदी लहान मूल असेल तर जवळ घेऊन बसा. आणि घरात डमरू असेल तर दोन दिवस माळ्यावर टाकून द्या. आमच्याकडे त्याचा वात अजून चालू आहे.