ब्रेक के बाद…

यवतेश्वरच्या घाटात, जुलैतल्या एका रविवारी, मी दोन्ही ब्रेक गच्च दाबले आणि सायकलने मला चक्क इग्नोर केलं!

कासहून साताऱ्याकडे उतरत होते. वळणावर एक जीप भाजलेल्या कणसांसाठी रस्त्यातच थांबलेली. मी बूट घासत, कडेच्या मुरमात घुसून, जीपपासून हातभर अंतरावर थांबले. आतल्या काकू म्हणाल्या, "अगं, हळू यावं की जरा!" काकू, हळूच यायचं होतं हो. तोच तर लोचा होता.

माझ्या सायकलला साधे व्ही-ब्रेक. म्हणजे रबर थेट रिमवर दाबलं जाणार. रिम ओली असली की आधी पाणी पुसलं जातं, पकड नंतर येते. त्यात कासची ती जांभ्याची लाल माती. रबरात बसली की पॉलिश पेपरसारखी रिम खाते. डिस्कचं तसं नाही. ती चाकाच्या मध्यावर, रस्त्याच्या चिखलापासून लांब.

मी मूळची सांगलीची. तिथे विश्रामबाग ते मिरज रस्त्यावर सगळ्यात मोठा चढ म्हणजे स्पीडब्रेकर! त्यामुळे २०१७ मध्ये बाबांनी ही एमटीबी घेऊन दिली तेव्हा ब्रेकबिक कुणी बघितले नाहीत, रंग बघितला. मग ऑगस्ट २०१९ चा महापूर. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली आणि गावभागातलं आमचं तळमजल्याचं घर पाण्यात. सायकल चार दिवस बुडून होती. बाबांनी नंतर एकेक छर्रा काढून धुतला, तरी पुढचं चाक कायमचं कुरकुरतं झालं.

घाटातल्या सीननंतर मित्रमंडळाचा सल्ला एकच, "विक आणि ईएमआयवर नवी घे." ज्यांचा पगार एक तारखेला जमा होतो त्यांनी ईएमआयच्या गप्पा माराव्यात. आम्हा फ्रीलान्सरना लेखाचे पैसे कधी येतात ते संपादकालाही सांगता येत नाही! शिवाय त्या छऱ्ऱ्यांचं काय? माझं बजेट ठरलं, तीन हजार. बाबांना फोन केला तर म्हणाले, "अगं, माणूस पुढं जायला पैसे घालवतो. थांबायला कुणी घालवतं का?"

तरी सायकल एसटीच्या टपावर टाकून सांगलीला नेली. आमच्या नेहमीच्या मिस्त्रींनी ती उलटी करून निवांत बघितली. "ताई, फोर्कला डिस्कची जागा हाय. मागं फ्रेमला न्हाय." शेजारचा वेल्डिंगवाला लगेच, "दोनशेत पट्टी मारून देतो की!" इथे कृपया मोहात पडू नका. ॲल्युमिनियमची फ्रेम वेल्डिंगच्या उष्णतेने तिथेच कमजोर होते आणि डिस्कचा सगळा जोर नेमका त्याच जागेवर येतो.

मग ठरलं, फक्त पुढचा. उतारावर ब्रेक दाबला की वजन पुढे झुकतं, त्यामुळे खरं काम पुढचाच ब्रेक करतो. ऑइलवाला मस्त असतो, पण त्यात लिव्हरसकट सगळं बदलावं लागतं. एमटीबीसाठीचा वायरवरचा डिस्क ब्रेक घेतला तर व्ही-ब्रेकची लिव्हर चालून जाते. वाचले पैसे! हब मात्र डिस्क बसेल असाच लागतो, आणि तो आकाराने वेगळा, म्हणून स्पोकही नवे. पण आपला पुराचा हब तसाही गेलेलाच होता.

बिल असं झालं: कॅलिपर आणि डिस्क १४००, हब ६५०, स्पोक आणि चाक बांधणी ५००, वायर १००, मागची नवी रबरं १५०. एकूण २८००. मिस्त्रींनी चाक बांधून, आऊट काढून दिलं. जुना हब बाबांनी पिशवीत घालून घरी नेला, मी काही विचारलं नाही.

नव्या डिस्कला पहिल्या दिवशी वीसेक वेळा वेगात येऊन, पूर्ण न थांबता दाबावं लागतं. त्याशिवाय पकड येत नाही. मी गल्लीत तेच करत होते आणि ब्रेक कोकलत होता. संध्याकाळी बघते तर आवाज बंद. बाबा खूश! शिलाई मशीनचं तेल घेऊन त्यांनी डिस्कला प्रेमाने घातलं होतं.

ब्रेकला. तेल.

ओरडणार होते. पण त्यांच्या हातात तीच २०१९ ची फडकी होती. डिस्क स्पिरिटने पुसली, पॅड मात्र गेले. नव्यांचे २५० आणि बजेट पन्नास रुपयांनी बोंबललं. हे पैसे बाबांनी दिले, न मागता.

पुढच्या रविवारी पुन्हा कास. पुन्हा पाऊस. पुढचा ब्रेक एका बोटाने, कारण घाईत आवळला तर सायकल आपल्याला हँडलवरून पुढे पाठवते. त्याच वळणावर मुद्दाम दाबला. थांबली. कणीसवाल्याकडे एक कणीस सांगितलं आणि बाबांना फोन लावला.

"थांबते का गं?"

"थांबते."

"मग आता मागच्याचं काय करायचं?"