'युनिव्हर्सल' पातं आणि आमची चौकट

बऱ्याच दिवसांनी लिहितोय, आणि तेही रागावून. तेव्हा थोडं सांभाळून घ्या.

घरात जुन्या फरशीवरच नवी फरशी बसवायचं ठरलं. गवंडी म्हणाला, "सर, चौकटीचे पाय खालून फरशीच्या जाडीइतके कापून ठेवा, म्हणजे फरशी खाली सरकवता येईल." आता जमिनीलगत, भिंतीच्या कोपऱ्यात, साधी करवत शिरणार कुठून? पण माझ्याकडे मल्टिटूल आहे! दोन वर्षांपूर्वी जावईबापूंनी घेऊन दिलेलं. (शाळेत कार्यानुभवाचा तास कुणालाच नको असायचा, तो कायम माझ्या गळ्यात पडला. ती खोड अजून गेलेली नाही.) सोबत आलेली पाती संपली होती, म्हणून दुकानातून तीन पात्यांचं पाकीट आणलं. वर ठळक लिहिलेलं, 'युनिव्हर्सल'.

बसलं नाही. माझ्या यंत्राची बैठक चांदणीसारखी, उंचवट्याची. पातं सपाट, भोकांचं. परत गेलो तर दुकानदार म्हणाला, "काका, सगळ्यांना बसतं हे. लिहिलंय ना वर? आणि पाकीट फोडल्यावर परत घेत नाही." अहो, न फोडता बसतंय की नाही हे मला कसं कळायचं?

ज्यांना हे यंत्र माहीत नाही त्यांच्यासाठी: याचं पातं गोल फिरत नाही. ते डावी-उजवीकडे तीनेक अंशांत थरथरतं, मिनिटाला दहा-वीस हजार वेळा. हात मोडून प्लॅस्टरमध्ये घातला असेल तर तुम्ही याचा भाऊबंद पाहिलेला आहे. कडक प्लॅस्टर कापलं जातं, पण कातडी पात्याबरोबर हलते म्हणून सहसा कापली जात नाही. अमेरिकेतल्या स्ट्रायकर नावाच्या हाडांच्या डॉक्टरांनी १९४०च्या दशकात ते काढलं. पुढे जर्मनीच्या फाइन कंपनीने तीच युक्ती कारागिरांच्या हातात दिली. बराच काळ पेटंटमुळे मैदान तिचंच होतं. २००८च्या सुमारास पेटंट संपलं आणि सगळ्यांनी असली यंत्रं काढली. यंत्रं स्वस्त झाली हे चांगलंच झालं. पण पात्याची बैठक? जितक्या कंपन्या तितक्या तऱ्हा. कुणाची बारा टोचण्यांची, कुणाची खाचेची, कुणाची आणखी काही.

२०१६ साली बॉश आणि फाइनने मिळून स्टारलॉक आणलं. न्यायाने बोलायचं तर पकड उत्तम. वाटीसारखी चांदणी, पातं घसरत नाही, पाना लागत नाही. माकितानेही पुढे ती घेतली. पण त्यातही तीन मापं: साधं, प्लस आणि मॅक्स. मॅक्सच्या यंत्राला तिन्ही पाती चालतात, साध्या यंत्राला फक्त साधी. हे सगळं ग्राहकाने पाठ करायचं, आणि मग 'युनिव्हर्सल' हा शब्द वाचून फसायचं!

माझं म्हणणं एवढंच आहे की यात अवघड काही नाही. चार इंची ग्राइंडरची चकती घ्या. मधलं भोक १६ मिलिमीटर. बोहरी आळीत कुठल्याही दुकानात "चार इंची चकती द्या" म्हणा, कंपनी कोणी विचारत नाही. हॅक्सॉचं बारा इंची पातं तसंच. पोरं घरून कुठलीही फ्रेम आणायची, शाळेतलं पातं बसायचं. भिंत फोडायच्या ड्रिलची एसडीएस बैठक तर बॉशनेच १९७५ साली काढली, आणि आज ती कितीतरी कंपन्यांच्या ड्रिलला असते. त्यात कुणाचं दिवाळं निघालं? म्हणजे जमतं. इथे जमवायचं नाहीये, कारण यंत्र माणूस एकदा घेतो आणि पाती जन्मभर.

आता कुणी म्हणेल, आजोबा, जाऊ द्या, शे-दोनशे रुपयांचा प्रश्न. नाही हो. ज्या सुताराचं पोट या यंत्रावर आहे त्याला जुन्या सागवानात पाती झपाट्याने लागतात. त्याने यंत्र स्वस्तात घेतलं आणि पुढे त्याच कंपनीच्या महागड्या पात्यांना तो बांधला गेला, की ती स्वस्ताई गेली कुठे?

गंमत बघा. २०११च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांमुळे त्या पाकिटावर कमाल किंमत आहे, आयात करणाऱ्याचा पत्ता आहे, आत पाती किती तेही आहे. फक्त ते कशाला बसतं ते नाही! आणि ज्या पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली, त्या पुण्यात "लिहिलंय ना वर" हे उत्तर ऐकून आपण मुकाट घरी येतो. (मीही आलोच की.) केंद्र सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काचं संकेतस्थळ काढलं. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं असे चार वर्ग घेतले. सुताराची हत्यारं राहिलीच. पाकिटावर बैठकीचं चित्र खऱ्या मापात छापायची सक्ती करा, एवढं जरी झालं तरी माझ्यासारख्याचे हेलपाटे वाचतील. आणि 'युनिव्हर्सल' लिहायचं असेल तर कुठल्या यंत्रांना चालत नाही तेही त्याच टायपात लिहा.

तोवर मी घेणाऱ्यांना सांगेन, आधी गल्लीतल्या दुकानात कोणती पाती मिळतात ते बघा, मग यंत्र निवडा. उलटं करू नका.

शेवटी मी यंत्रच पिशवीत घालून बोहरी आळीत गेलो. एका पोरसवदा दुकानदाराने काउंटरवर पातं बसवून दाखवलं, तेव्हाच पैसे दिले. लाकडाचं साधं पोलादी पातं होतं, स्वस्त. घरी आलो, चौकटीचा एक पाय झकास कापला. दुसऱ्यात जुना खिळा निघाला आणि सगळे दात गेले. तिथे बायमेटलचं पातं लागतं, हे मला माहीत असायला हवं होतं. तो दोष माझा. गवंडी सोमवारी येतोय. उद्या पुन्हा पिशवी घेऊन निघतो.